कॅश, पेव की डबा? 'जिओकॅशिंग'ला मराठीत काय म्हणायचं

एक्झिटरकर : नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय. आमच्याकडची आठ-दहा मराठी कुटुंबं पोरांना घेऊन सुट्टीत इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर जाणार आहोत. एकाच दिवसात तीन खेळ जोडलेत, आधी जीपीएसवर आकडे टाकून लपवलेला डबा शोधायचा (जिओकॅशिंग), मग नुसत्या वर्णनावरून आणि होकायंत्रावरून शिक्क्याची पेटी शोधायची (लेटरबॉक्सिंग), आणि शेवटी येस टॉर या टेकडीवरचा सर्व्हेचा खांब गाठायचा. आजीआजोबाही येणार म्हणून पत्रक मराठीत करायला घेतलं. 'जिओकॅशिंग' वाचून माझ्या सासूबाई, सोलापूरहून आल्यात, म्हणाल्या, "जिओच्या रिचार्जवर कॅश देतात का गं?" त्यांचं काही चुकलं नाही, रोख पैशाचं cash आणि लपवलेल्या साठ्याचं cache, दोन्ही देवनागरीत सारखेच दिसतात. मग मी 'गुप्तधनाचा शोध' लिहिलं, तर त्या एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, पोरांच्या कागदावर हे नको. तर त्या डब्याला काय म्हणू, आणि तिन्ही खेळ मिळून एखादा शब्द आहे का?

सातारी_भटक्या : ताई, सासूबाईंचं ऐका. गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे भोंदू बाबा, लिंबू-टाचण्या आणि नरबळीच्या बातम्याच डोळ्यासमोर येतात, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातसुद्धा गुप्तधन शोधायच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार घेतलेत. आणि 'खजिना'ही नको. खजिना म्हणून लोकांनी गडांवर जोती उकरलेली मी स्वतः पाहिलीत, वाईट वाटतं बघून. डोंगरात जायच्या खेळाला तो शब्द माझ्या हातून लिहिला जाणार नाही.

निर्मळबोली : मराठीत शब्द असताना उसनवारी का करायची? निधान म्हणजे ठेवलेली, लपवलेली मौल्यवान वस्तू. 'भूनिधानशोध' करा. लेटरबॉक्सिंगला 'मुद्राशोध', सर्व्हेच्या खांबाला 'त्रिकोणमिती-स्तंभ' आणि सगळ्याला मिळून 'स्थानान्वेषण'. दोन वर्षं वापरलेत की कानाला सवय होते, महापौर आणि दिनांक हे शब्दही एके काळी नवेच होते.

हरिपूरकर : निधान वगैरे राहू द्या, आपला शब्द जमिनीत पुरलेला आहे, पेव! कॅशच्या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवणं, आणि उत्तर अमेरिकेत कातडी विकणारे शिकारी खड्डा करून त्यात धान्य-सामान ठेवायचे आणि परत येताना काढायचे, त्या खड्ड्याला म्हणायचे कॅश. म्हणजे पेवच की ते. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, वरून बघितलं तर नुसतं रान, खाली पोतीच्या पोती हळद आणि वर्षानुवर्षं कीड नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, घाई करून माणसं गेलीत. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली, आता पोरांना पेव म्हणजे फक्त 'पेव फुटणे' एवढंच माहितीय. या खेळानं तो शब्द जगला तर मला फार बरं वाटेल.

एक्झिटरकर : हरिपूरकर काका, वाचून अंगावर काटा आला, पण एक अडचण आहे. या खेळात जागेच्या मालकाच्या खास परवानगीशिवाय जमीन खणायला मनाई आहे. दगडाच्या आडोशाला, झाडाच्या ढोलीत, पुलाच्या कठड्याखाली चालतं, खड्डा करून पुरलेलं चालत नाही. पोरांना पेव सांगितलं तर कुणीतरी खुरपं घेऊन येईल.

हरिपूरकर : पण पहिला डबा अर्धा पुरलेलाच होता ना? 2 मे 2000 ला अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि लगेच 3 मेला ओरेगनमध्ये डेव्ह उल्मरनं काळी बादली ठेवली ती अर्धी जमिनीतच होती, आत घेवड्याचा डबासुद्धा होता. पेवात धान्यच असतं :)

कोथरूडची_रमा : याच गोष्टीत पुढचा भाग जास्त कामाचा आहे. सुरुवातीला त्याला 'स्टॅश हंट' म्हणायचे, पण स्टॅश म्हटलं की लोकांना चोरीचा माल नाहीतर ड्रग्ज आठवायचे म्हणून त्याच मे महिन्यात मॅट स्टम नावाच्या माणसानं जिओकॅशिंग हा शब्द सुचवला. म्हणजे शब्दाला वास लागलेला असतो हे त्यांनाही कळलं होतं, आणि सासूबाईंना गुप्तधनाचा वास आला तो अगदी तसाच. निर्मळबोली, भूनिधानाला कसलाच वास नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही, म्हणून तो कुणाच्या तोंडात बसणार नाही.

निर्मळबोली : वास वापरानं लागतो. तुम्ही वापरणारच नाही म्हटल्यावर कसा लागेल?

मोजणीवाल्याची_लेक : मला तिसऱ्या खेळाबद्दल बोलायचंय. 'त्रिकोणमिती-स्तंभ' कशाला? बाबा जमीन मोजणीत होते, आमच्या घरात त्या दगडाला 'चांदा'च म्हणायचे. "आधी चांदा सापडू दे, मग साखळी टाकू" हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. झुडपात, निवडुंगात शोधत बसायचे, सापडला की चेहरा फुलायचा. मला तर वाटतं बाबा आयुष्यभर हाच खेळ खेळले, फक्त पगारावर.

सातारी_भटक्या : ताई, पण चांदा गावच्या शेतमोजणीचा. डोंगरमाथ्यावरचा वेगळा, त्याला आमच्यात टावर म्हणतात, तिथं काही उभं असो नसो.

मोजणीवाल्याची_लेक : काम एकच ना दादा, इथून मोजा म्हणून खूण केलेली जागा.

एक्झिटरकर : इथले खांब काँक्रीटचे आहेत, कमरेच्या वरपर्यंत येतात. इथल्या सरकारी सर्व्हे खात्यातल्या ब्रिगेडियर हॉटिननं 1936 पासून बसवायला घेतले, साडेसहा हजारांच्या आसपास झाले. आता मोजणीला फारसे लागत नाहीत, पण लोक एकेक खांब गाठून त्याची नोंद करत हिंडतात. 'चांदा गाठणे' मला फार आवडलं, पत्रकात घालतेय.

ऑरेंजसिटी : नागपूरच्या झिरो माइलला विसरून राहिले का तुम्ही सगळे? 1907 चा दगड आहे, चार घोडे सोबत, समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट असं कोरलेलं आहे. आमचे आजोबा त्याला मैलाचा दगड नाही म्हणू द्यायचे, म्हणायचे "तो उंचीचा दगड आहे". तुमच्या पोरांनी सुट्टीत इकडं आल्यावर तो पण मोजायचा.

कोथरूडची_रमा : 'शून्य मैल' म्हणून त्याला आता भारताचा मध्य करून टाकलंय लोकांनी, तुमच्या आजोबांचा शब्द खरंच जपायला हवा. बरं, अजून एक खेळ आहे, अक्षांश-रेखांश जिथं पूर्ण अंशात छेदतात तिथं जाऊन फोटो काढायचा, 1996 पासून चालू आहे. 18 आणि 74 चा बिंदू आपल्या वाई-खंडाळ्याच्या पट्ट्यात पडतो. त्याला इंग्रजीत 'कन्फ्लुअन्स' म्हणतात, त्याचं सरळ मराठी 'संगम', पण संगम म्हटलं की नदी, घाट आणि देऊळ पाहिजे. मी 'चौफुला' म्हणते.

सातारी_भटक्या : चौफुला मस्त!! फक्त लोक पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चौफुला समजून भेळ खायला येतील.

निर्मळबोली : छेदबिंदू हा शब्द शाळेच्या पुस्तकात आहे. आपण सोपं सोडून का फिरतोय कळत नाही.

डोंबिवलीचा_मंग्या : एवढं वाचून झालं तरी कुणीच 'डबा' म्हणेना म्हणून लिहितोय. ताईंनी पहिल्याच ओळीत स्वतःच लिहिलंय, "लपवलेला डबा". डबा ऐसपैस खेळलेली माणसं आपण, 'डबा शोधणे' म्हटलं की सासूबाईंनाही कळेल आणि पोरांनाही, शिवाय आत वही, पेन्सिल, एक वस्तू घ्यायची आणि एक ठेवायची, हे डब्याचंच काम.

एक्झिटरकर : सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाल्या, "डबा बरोबर आहे, पण डबा ऐसपैसमध्ये माणसं लपतात, डबा नाही."

डोंबिवलीचा_मंग्या : हे मात्र खरं. पण ऐसपैस म्हणजेच 'आय स्पाय', म्हणजे 'मला दिसला', तो अर्थ तर बसतो ना.

निर्मळबोली : ही व्युत्पत्ती दरवेळी कुणीतरी आणतंच. ऐसपैस म्हणजे मोकळं, प्रशस्त. मोकळ्या अंगणात खेळायचा खेळ म्हणून ऐसपैस. इंग्रजीचा संबंध कशाला?

डोंबिवलीचा_मंग्या : मग हिंदीत 'आइस पाइस' कुठून आलं? त्यांच्याकडे ऐसपैस अंगण हा शब्दच नाही. आणि राज्य असलेला पोरगा नाव घेऊन ओरडतो, "मंग्या ऐसपैस!", म्हणजे "मंग्या मोकळा"? उलट मी तर तेव्हा आऊट झालेला असायचो.

ऑरेंजसिटी : आमच्याकडे रेशटीप म्हणायचे, त्याची व्युत्पत्ती सांगा कोणी.

हरिपूरकर : पेवाचं काय झालं मग?

एक्झिटरकर : काका, लेटरबॉक्सिंगला पेव ठेवू का? डार्टमूरवर 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमियर पूलपाशी बाटली ठेवली, आलेल्यांनी आपलं कार्ड त्यात टाकायचं, तिथून ते सुरू झालं. आता पेटीत शिक्का असतो, तो आपल्या वहीत उठवायचा आणि आपला तिच्या वहीत. खणायचं नसतं इथंही, पण ती जागा पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या, ओल्या चिखलात आहे, पाय घातला की गुडघ्यापर्यंत जातो.

हरिपूरकर : चिखलात? नको मग. ओल्यात पेव कधीच करत नाहीत, माल कुजतो. तिथं दुसरा शब्द बघा.

मोजणीवाल्याची_लेक : रेशटीपमध्ये डब्याऐवजी दगड ठेवायचे का हो? आमच्याकडे अकोल्याला ठेवायचे असं आठवतंय, पण आई नाही म्हणतेय.