जोहान्सबर्गची ती जुनी टेनिस स्पर्धा बंद का पडली?

टायब्रेक:
आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मनचे जुने निकाल चाळत होतो. फेब्रुवारी २०११, जोहान्सबर्गची फायनल: पहिला सेट घेऊनही केव्हिन अँडरसनकडून ४-६, ६-३, ६-२ असा हरला. पण त्यानंतर एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या कॅलेंडरमध्ये ही स्पर्धाच दिसत नाही. तिचा इतिहास तर १८९१ पासूनचा सांगतात. एवढी जुनी राष्ट्रीय स्पर्धा गेली कुठे? जाणकारांनी सांगावं.

ग्रासकोर्ट:
ही साउथ आफ्रिकन ओपन. सुरुवात पोर्ट एलिझाबेथला झाली, पुढे जोहान्सबर्गचं एलिस पार्क हे तिचं हक्काचं मैदान झालं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण १,७५० मीटर उंच. हवा विरळ, चेंडू सुसाट सुटतो, जोरदार सर्व्हिसवाल्यांची चंगळ.

पण विजेत्यांची यादी वाचताना एक गोष्ट विसरू नका, ही माझी कळकळीची विनंती. वर्णभेदाच्या काळात त्या देशातल्या बहुसंख्य लोकांना ही 'राष्ट्रीय' स्पर्धा बंद होती. अमेरिकेच्या काळ्या टेनिसपटू आर्थर अ‍ॅशला आधी व्हिसा नाकारला होता, १९७३ मध्ये मिळाला. प्रेक्षकांत गोरे-काळे वेगळे बसवायचे नाहीत, ही त्याची एक अट होती. ती पुरती पाळली गेली नाही. फायनलमध्ये जिमी कॉनर्सने त्याला ६-४, ७-६, ६-३ हरवलं. टॉम ओकरबरोबर दुहेरी मात्र अ‍ॅशने जिंकली.

त्या दौऱ्यातली एक गोष्ट अ‍ॅशने स्वतः सांगितली आहे. एलिस पार्कवर एक काळा मुलगा सतत त्याच्या मागे मागे फिरत होता. का रे, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, खराखुरा स्वतंत्र काळा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय. मला ही गोष्ट त्या फायनलपेक्षा मोठी वाटते.

बेसलाइन:
ग्रासकोर्ट काका, मग अ‍ॅशने जायलाच नको होतं ना? त्याच्या जाण्याने त्या सरकारला मिरवायला मिळालं. आपण १९७४ मध्ये काय केलं बघा. कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं, पुण्यात सोव्हिएत संघाला हरवलं, डेव्हिस कप या देशांच्या सांघिक स्पर्धेच्या फायनलला पोहोचलो आणि समोर वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती म्हणून खेळलोच नाही. कप त्यांना न खेळता मिळाला.

ग्रासकोर्ट:
त्या नकाराचा मला आजही अभिमान आहे. आपले विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते, कप हातातोंडाशी आला होता, म्हणून तो नकार स्वस्तातला नव्हता. पण अ‍ॅशला दोष देणं मला पटत नाही. तो डोळे उघडे ठेवून गेला, सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत गेला, लोकांना भेटला. पुढे त्याने बहिष्काराचीच बाजू घेतली. जानेवारी १९८५ मध्ये वॉशिंग्टनला दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर निदर्शनं करताना त्याला अटकही झाली.

आता टायब्रेक यांचा मूळ प्रश्न. स्पर्धा एकदाच बंद पडलेली नाही. १९८९ पर्यंत ती ग्राँ प्री या तेव्हाच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत होती. १९९० मध्ये एटीपी टूर सुरू झाली, त्यात तिला जागा नव्हती. वर्णभेदाची राजवट मोडत आली तशी नव्वदीत परतली, पण १९९५ नंतर पुन्हा खंड. २००९ मध्ये तिसऱ्यांदा उभी राहिली. विजेते: त्सोंगा, मग फेलिसियानो लोपेझ, मग २०११ मध्ये जोहान्सबर्गचाच अँडरसन. २०१२ च्या कॅलेंडरमध्ये ती नव्हती. ऑस्ट्रेलियन ओपन संपल्या संपल्या खेळाडूंना जोहान्सबर्गला बोलवायचं, हे मुळातच अवघड होतं.

टायब्रेक:
धन्यवाद काका! महिलांची स्पर्धाही व्हायची का?

ग्रासकोर्ट:
व्हायची तर! १९७१ च्या फायनलला मार्गारेट कोर्टने इव्हॉन गूलागाँगला हरवलं, १९७२ मध्ये गूलागाँग जिंकली. ती ऑस्ट्रेलियातली आदिवासी मुलगी. तिला तिथे खेळता यावं म्हणून त्या सरकारने 'मानद गोरी' ठरवलं होतं. अ‍ॅशने आपल्या अटींमध्ये नेमकं हेच बजावलं होतं, की मला असला मानद दर्जा द्यायचा नाही.