डिस्क ब्रेकवर गंज चढलाय, काढायचा कसा आणि परत येऊ नये म्हणून काय करायचं?

संथगती:
मंडळी, गाडी बरेच आठवडे उघड्यावर उभी होती, मधे पाऊसही झाला. आता चारही चाकांच्या डिस्क तांबूस झाल्यात आणि मागच्या चाकाजवळून घर्र घर्र असा आवाज येतोय. गाडी हलवताना आधी कट्ट करून काहीतरी सुटल्यासारखं झालं, मग पुढे गेली. एकजण म्हणतो डिस्कवर डब्ल्यूडी-४० मार, दुसरा म्हणतो थेट नवीन डिस्क टाक. चाक काढण्यापुरती हत्यारं माझ्याकडे आहेत आणि काम स्वतः करायची तयारी आहे. नक्की काय करू?

पाना_पक्कड:
सगळ्यात आधी, डिस्कवर डब्ल्यूडी-४०, ऑइल, ग्रीस यातलं काहीही मारू नका. पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारी घर्षणाची पट्टी) ते शोषून घेतो आणि मग ब्रेक दाबला तरी पकड येत नाही, असे पॅड पुसून सुधरत नाहीत, फेकायलाच लागतात. ब्रेकच्या बाबतीत हा प्रयोग कुणीच करू नये.

आता गंजाचं. डिस्क बिडाची असते आणि पॅड जिथे घासतो त्या भागाला कोटिंग टिकत नाही, त्यामुळे रात्रभराच्या दमटपणानेसुद्धा ती तांबूस होते. तो वरवरचा गंज पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पॅडच काढून टाकतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तुमची गाडी जास्त दिवस उभी होती म्हणून नखाने तपासा. डिस्कवरून नख आतून बाहेर ओढा, सरळ सरकलं तर गंज वरचाच आहे, खड्ड्यात अडकायला लागलं तर गंजाने बीड खाल्लंय.

कट्ट आवाज म्हणजे पॅड डिस्कला चिकटला होता तो सुटला. डिस्क हळूहळू फिरवून बघा, एका जागी पॅडच्याच आकाराचा काळपट ठसा दिसेल आणि त्याच्या कडेने गंजाची बारीक रेघ. तो ठसा राहिला तर प्रत्येक फेरीला पेडलला हलका धक्का जाणवतो.

पेडल नेहमीसारखं कडक लागत असेल आणि गाडी नीट थांबत असेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, साधारण ५० च्या स्पीडवरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक लावत या, असं आठ-दहा वेळा, मधे थोडं पळू द्या म्हणजे डिस्क थंड होते. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका, नवा ठसा उमटतो.

बोल्टनट:
वरच्याशी सहमत, पण ब्रेक मारून आवाज गेला नाही तर चाक काढाच. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, बाकीच्या चाकांना ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर काम करू नका, खाली स्टँड लावा. मास्क घाला, पॅडची धूळ हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसा.

कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) सोडवला की तो ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. डिस्क ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाकार घासा, मग ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसा. बाहेरच्या कडेला गंजाचे पापुद्रे धरलेले असतात, पॅड तिथपर्यंत पोचत नाही म्हणून ते वाढत जातात आणि बऱ्याचदा घर्र घर्र तिथूनच येते, ते वायर ब्रशने किंवा जुन्या फाइलने काढा.

आणि लोक जे विसरतात ते म्हणजे हब, डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग. डिस्क काढली असेल तर हबचा जो भाग डिस्कला टेकतो तो वायर ब्रशने अगदी चकचकीत करा. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क वाकडी बसते, साधारण ०.०५ मिमी एवढा फरकसुद्धा पुढे जाऊन स्टेअरिंग थरथरायला पुरतो, आणि मग डिस्क वाकली म्हणून उगाच नवीन टाकली जाते.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, एमआयएन टीएच असं काहीतरी. मोजून त्याच्या खाली गेली असेल किंवा खड्डे खोल असतील तर घासत बसू नका, बदला, आणि एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही एकदम बदला, पॅडसकट.

संथगती:
खूप आभार दोघांचेही. चाक काढून बघितलं. पुढच्या डिस्क ब्रेक मारूनच साफ झाल्या. मागच्या उजव्या डिस्कची बाहेरची बाजू चकचकीत आहे पण आतली बाजू अर्धी अजून तांबूस, नख मात्र अडकत नाहीये. असं एकाच बाजूला का?

बोल्टनट:
बरं झालं आतून बघितलंत, बाहेरून बघून तर सगळं ठीकच वाटलं असतं. आतली बाजू गंजलेली म्हणजे आतला पॅड नीट दाबला जात नाहीये. पॅडचे दोन कान ब्रॅकेटमध्ये सरकायला पाहिजेत, तिथल्या पत्र्याच्या क्लिपखाली गंज फुगला की पॅड अडकतो. क्लिपा काढा, खालचा गंज खरवडा, पॅड बोटाने सहज सरकला पाहिजे. पॅडला मागून दाबणारा पिस्टनही अडकत नाही ना बघा. बाहेरची बाजू गंजलेली असती तर आधी स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) जाम आहेत का बघायला सांगितलं असतं, तरी उघडलंच आहे तर पिना साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावून टाका.

एक सांभाळा, मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर पिस्टन बहुतेक वेळा फिरवत आत न्यावा लागतो, जोर लावून दाबला तर आतलं मोडतं. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडला टाका. आणि सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, हे अजिबात विसरू नका.

पाना_पक्कड:
परत होऊ नये म्हणून: गाडी धुतली की लगेच उभी करू नका, एक चक्कर मारून ब्रेक लावून डिस्क कोरडी करा. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा म्हणजे पॅड चिकटत नाही. ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका, आत दमट राहतं. आठवड्यातून एकदा नीट वीस-पंचवीस मिनिटं चालवा, नुसतं इंजिन चालू करून डिस्कला काही फायदा नाही. नवीन घ्यायची वेळ आली तर कोटिंगवाली डिस्क घ्या, मधला टोप (हबवर बसणारा उंच भाग) आणि कडा लवकर गंजत नाहीत. जुन्या डिस्कच्या टोपाला हीटप्रूफ रंग देता येतो, पण घासणाऱ्या भागावर थेंबही नको.

विजेचीगाडी:
इलेक्ट्रिकवाल्यांसाठी भर घालते. आमच्या गाड्या मोटरनेच वेग कमी करतात, ब्रेक पॅड कमी वापरले जातात, म्हणून रोज चालवूनही डिस्क गंजते, मागच्या जास्तच. बऱ्याच गाड्यांत न्यूट्रलला टाकलं की मोटरने वेग कमी करणं बंद होतं, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये दोन-तीनदा जरा दाबून ब्रेक लावले की डिस्क साफ होते. काही गाड्यांत यासाठी वेगळी सेटिंग असते, आधी मॅन्युअल बघा.

संथगती:
क्लिपखाली खरंच गंजाचा थर होता, पॅड हातोडीने ठोकून काढावा लागला. आता बोटाने सरकतोय. पिना साफ केल्या, ग्रीस लावलं. डावं चाक उद्या उघडतो.