नोकरकपात सुरू असताना स्वतःहून राजीनामा द्यावा का?

अनुबंध (मूळ प्रस्ताव)

एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरकपात जाहीर झाली की ज्यांची नावे यादीत नाहीत, असेही अनेक कर्मचारी पाठोपाठ राजीनामे देऊ लागतात. "त्यांनी काढण्याआधी मीच बाहेर पडलो" हे वाक्य अशा वेळी अभिमानाने उच्चारले जाते आणि ऐकणारेही त्याचे कौतुक करतात. त्या अभिमानाची किंमत कोण चुकवतो, यावर येथे चर्चा व्हावी. माझे मत आधीच सांगतो. हाती दुसरी पक्की नोकरी नसेल आणि कंपनीने लेखी भरपाई देऊ केली नसेल, तर कपातीच्या काळात राजीनामा देणारा माणूस कंपनीच्या डोक्यावरचा खर्च आणि जबाबदारी आपल्या डोक्यावर घेत असतो.

कंपनी माणसाला काढते तेव्हा बहुतेक देशांत तिच्यावर काही बंधने येतात. अमेरिकेत १९८८ च्या वॉर्न कायद्यानुसार १०० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला मोठ्या कपातीपूर्वी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. मात्र स्वेच्छेने गेलेले कर्मचारी कपातीच्या त्या आकड्यात धरले जात नाहीत. भारतातील १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगारकपातीसाठी एक महिन्याची सूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई ठरवून दिली, पण कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती वगळली. जर्मनीत सबळ कारण नसताना नोकरी सोडणाऱ्याचा बेकारभत्ता साधारणपणे १२ आठवडे रोखला जातो, आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तो अशा व्यक्तीला नाकारला जातो. आपण सही करतो ती एका कागदावर, पण सूचना, भरपाई आणि भत्ता या तिन्हींवरचा हक्क तिथेच सुटतो.

व्यवस्थापनाला हे पुरेपूर ठाऊक असते. म्हणूनच कपातीच्या जोडीला दूरच्या बदल्या, न पेलणारी उद्दिष्टे, घरून काम करण्याची सवलत अचानक बंद करणे, असे उपाय येतात. याचे सर्वांत भयंकर उदाहरण फ्रान्स टेलिकॉमचे आहे. या कंपनीला २००६ पासून तीन वर्षांत २२,००० पदे कमी करायची होती, परंतु तिथल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना सरकारी सेवकांचा दर्जा असल्याने त्यांना काढून टाकणे शक्य नव्हते. लोकांनी स्वतःच निघून जावे, यासाठी मग त्यांना पद्धतशीरपणे अस्थिर करण्यात आले. त्या वेळचे प्रमुख दिदिए लोंबार यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना सांगितले होते की, लोक दारातून जावोत वा खिडकीतून, आपण त्यांना घालवूच. पुढे न्यायालयापुढे ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणे आली आणि त्यांतील १९ जणांनी आत्महत्या केल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि लोंबार यांच्यासह तिच्या माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांना मानसिक छळाबद्दल दोषी ठरवले. कागदोपत्री जे "स्वेच्छेने" गेले असे दिसते, त्यांची इच्छा कशी घडवली गेली हे विचारल्याशिवाय राजीनाम्याचे कौतुक करू नये, असे मला मनापासून वाटते.

पैलतीर

प्रस्तावात दिलेले कायदे बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण पैशांचा हिशेब मांडला आहे. वेळेचा आणि प्रकृतीचा हिशेब त्यात कुठेही नाही.

कपातीची पहिली फेरी झाली की दुसरी येणार का, या एकाच प्रश्नावर लोक महिनोन्महिने जगतात. कामात लक्ष लागत नाही, नवे शिकणे थांबते आणि ज्या प्रकल्पांमुळे पुढे कुठे नोकरी मिळाली असती ते प्रकल्पच गुंडाळले जातात. दरम्यान बाजारात एकाच कौशल्याच्या लोकांची गर्दी वाढत जाते. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० जणांना काढले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० पदे कमी करण्याची घोषणा केली, ॲमेझॉनने त्याच महिन्यात १८,००० चा आकडा जाहीर केला. ज्यांनी या लाटेच्या सुरुवातीलाच हालचाल केली त्यांना मुलाखतीसाठी रांगेत पुढची जागा मिळाली, हे उघड आहे.

दुसरा मुद्दा शिक्क्याचा आहे. रॉबर्ट गिबन्स आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, निवडून काढल्या गेलेल्या कर्मचाऱ्यांचे पुढच्या नोकरीतले वेतन, संपूर्ण कारखाना बंद पडल्यामुळे बेकार झालेल्यांपेक्षा जास्त घसरते. कारण सोपे आहे. ज्या माणसाला त्याच्या मालकाने ठेवले नाही, त्याच्यात काही उणीव असावी, असे नवा मालक गृहीत धरतो. राजीनामा देऊन निघालेल्याच्या कपाळावर हा शिक्का नसतो.

तिसरी गोष्ट, थांबणे नेहमीच सुरक्षित असते हे गृहीतकच चुकीचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने जवळपास निम्मे कर्मचारी काढल्यानंतर इलॉन मस्क यांनी उरलेल्यांना एका दिवसाची मुदत दिली: अतिशय कठोर कामाची तयारी असेल तर होकार कळवा, नाहीतर तीन महिन्यांचे वेतन घेऊन जा. शेकडो लोकांनी होकार दिला नाही. ज्यांनी दिला, त्यांचे काय झाले? एप्रिल २०२३ मध्ये मस्क यांनी स्वतःच बीबीसीला सांगितले की सुमारे ८,००० कर्मचाऱ्यांपैकी आता १,५०० च्या आसपास उरले आहेत.

मध्यमा

एक भेद स्पष्ट करावासा वाटतो, कारण दोन्ही बाजू दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. भरपाईशिवाय दिलेला साधा राजीनामा आणि कंपनीने देऊ केलेली स्वेच्छानिवृत्तीची योजना यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ट्विटरचे उदाहरण दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते. पॅकेज स्वीकारतानाही घाई करू नये. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने ४० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या कर्मचाऱ्याला, कर्मचाऱ्यांच्या गटाला दिलेल्या अशा प्रस्तावावर दाव्यांचा हक्क सोडण्यापूर्वी, विचारासाठी ४५ दिवस आणि सही केल्यानंतरही माघारीसाठी ७ दिवस मिळतात. हा कायदा करावा लागला, यावरूनच कर्मचाऱ्यांकडून सह्या कशा घेतल्या जात असतील याची कल्पना यावी.

अनुबंध

मध्यमा यांनी केलेला भेद मला मान्य आहे आणि माझ्या प्रस्तावातही "लेखी भरपाई" ही अट त्यासाठीच होती. पैलतीर यांच्या मुद्द्यांना उत्तर देतो.

गिबन्स आणि कॅट्झ यांचा अभ्यास नीट वाचला तर तो माझ्या बाजूने बोलतो. कारखाना बंद पडल्यामुळे गेलेल्यांचे वेतन कमी घसरते, कारण तिथे निवड झालेलीच नसते. आजच्या मोठ्या कंपन्यांतील कपात पुष्कळदा अशीच असते: संपूर्ण विभाग बंद होतो, एखादे उत्पादन थांबवले जाते, दहा-बारा हजार माणसे एका ईमेलने बाहेर पडतात. जिथे हजारो लोक एकाच दिवशी गेले, तिथे त्यांच्यातील एकाच्या गुणवत्तेबद्दल नवा मालक कोणता निष्कर्ष काढणार? उलट, कपातीच्या काळात हातात नोकरी नसताना दिलेला राजीनामा मुलाखतीत अधिक प्रश्न निर्माण करतो.

ट्विटरच्या बाबतीत पैलतीर यांनी नेमका मुद्दा उलटा धरला आहे. ज्यांनी होकार दिला नाही त्यांना तीन महिन्यांचे वेतन देऊ केले होते. त्यांच्यापैकी एखाद्याने आठवडाभर आधी संतापाने साधा राजीनामा दिला असता, तर त्याला त्यातले काहीही मागता आले नसते. एका आठवड्याच्या संयमाची किंमत तीन महिन्यांचे वेतन होती. थांबणे सुरक्षित असते असे मी म्हटलेले नाही. थांबणाऱ्याला काहीतरी मागण्याची जागा उरते आणि निघून गेलेल्याला ती उरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

हेही मान्य केले पाहिजे की प्रकृती ढासळत असेल तर पैशांचा विचार मागे टाकावा लागतो. पण अशा वेळीही वैद्यकीय रजा, लेखी तक्रार, कामगार वकिलाचा सल्ला या पायऱ्या आधी येतात. बेकारभत्त्याच्या नियमांतही सबळ कारण सिद्ध करता आले तर सवलत मिळू शकते, आणि ते सिद्ध करायला कागद लागतात.

सहप्रवासी

मी एका मोठ्या कंपनीत गटप्रमुख म्हणून काम केले आहे आणि कपातीनंतरचे महिने आतून पाहिले आहेत. या चर्चेत मागे राहिलेल्या सहकाऱ्यांचा उल्लेख अद्याप झालेला नाही. यादीतून वाचलेल्यांमध्ये आधीच अपराधीपणाची भावना असते, काम मात्र गेलेल्यांच्या वाटणीचेही करावे लागते. त्यात गटातील सर्वांत जाणकार माणूस आपणहून निघून गेला, की त्याच्या डोक्यातले ज्ञान त्याच्याबरोबर जाते आणि उरलेल्यांचे हाल दुप्पट होतात.

चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कपातीनंतर स्वेच्छेने दिले जाणारे राजीनामे वाढतात असे आढळले. जिथे कर्मचाऱ्यांच्या तक्रारी न्याय्य पद्धतीने ऐकण्याची व्यवस्था होती, तिथे हा परिणाम सौम्य होता. आणि बाहेर सहज नोकरी मिळते ती उत्तम माणसांनाच, म्हणून आधी तीच जातात. जिला खर्च वाचवायचा होता ती कंपनी नेमकी ज्यांना ठेवायचे होते त्यांनाच गमावून बसते, आणि त्या चुकीचे ओझे वाहतात ते मागे राहिलेले. यामुळे मला वाटते की जाणाऱ्याने निदान हस्तांतर नीट करावे आणि सहकाऱ्यांना पूर्वकल्पना द्यावी.

पैलतीर

सहप्रवासी यांच्या भावनेचा आदर आहे, परंतु हा भार जाणाऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. एका माणसाच्या डोक्यात सगळे ज्ञान साठू देणे, आणि त्याच्या शेजारच्या दोघांना काढून टाकणे, हे दोन्ही निर्णय व्यवस्थापनाचे होते. हस्तांतर नीट करावे, हे खरे. सहकाऱ्यांसाठी थांबावे, हे नाही.

अनुबंध यांना मी आणखी एक अलीकडचे उदाहरण देतो. २८ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवून कळवले की, आत्ता राजीनामा द्या आणि ३० सप्टेंबरपर्यंत वेतन घ्या. संघटनांनी सावध राहण्याचा सल्ला दिला, हे वचन पाळले जाईल का याबद्दल शंका होती, तरीही पहिल्या फेरीत सुमारे ७५,००० जणांनी होकार दिला. मुदत संपताच परिवीक्षाधीन (चाचणी काळातील) कर्मचाऱ्यांना हजारोंच्या संख्येने काढण्यास सुरुवात झाली. त्यांच्यासाठी न्यायालयात दावे झाले, परत घेण्याचे आदेश निघाले, मग त्यातल्या काही आदेशांना स्थगिती मिळाली. त्या महिन्यांत त्यांना उद्या आपण नोकरीत आहोत की नाही हेच ठाऊक नव्हते, तर होकार दिलेला माणूस सप्टेंबरपर्यंतच्या वेतनावर नवे काम शोधू शकत होता.

अनुबंध

हा माझ्या अटीत बसणारा निर्णय आहे, तेव्हा त्यावर मी वाद घालणार नाही. परंतु तो होकार स्वेच्छेचा होता का, हा प्रश्न उरतो. नकार देणाऱ्यांच्या नोकरीची हमी आपण देऊ शकत नाही, असे त्याच ईमेलमध्ये लिहिलेले होते.

याच्या शेजारी फोक्सवॅगनचा करार ठेवून पाहावा. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने १९९४ पासून चालत आलेली नोकरीची हमी रद्द केली, संप झाले, आणि डिसेंबरमध्ये कामगार संघटनेशी असा करार झाला की २०३० पर्यंत जर्मनीतील ३५,००० हून अधिक पदे कमी होतील, मात्र सक्तीने कोणालाही काढले जाणार नाही. तिथल्या कर्मचाऱ्यापुढे योजना आली आणि ती त्याने नाकारली, तर त्याची नोकरी शाबूत राहते. नकार देण्याची अशी मोकळीक असेल तरच होकाराला अर्थ येतो, आणि ती मोकळीक एकट्या माणसाच्या स्वाभिमानातून आलेली नाही. लाखभर लोकांच्या एकत्रित संपातून आली आहे. युरोपीय संघाच्या १९९८ च्या निर्देशातही मालकाच्या पुढाकाराने झालेल्या इतर सेवासमाप्ती, किमान पाच कपाती असतील तर, सामूहिक कपातीच्या मोजणीत धरल्या जातात. म्हणजे "तो आपणहून गेला" असे सांगून मालकाला सुटता येऊ नये, अशी रचना कायद्याला करता येते.

पैलतीर

जिथे संघटना आहे, तिथे मीही थांबण्याचाच सल्ला देईन. परंतु मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांतील बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या पाठीशी अशी संघटना नाही, परक्या देशात काम करणाऱ्यांच्या पाठीशी तर नाहीच. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, की नवा मालक शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ते दिवस कधी सुरू व्हायचे हे कंपनी ठरवते. अशा माणसाने पहिल्या घोषणेच्या दिवसापासून बाहेर अर्ज करावेत आणि मिळेल ती पहिली बरी नोकरी पकडून राजीनामा द्यावा, भरपाईची वाट पाहत बसू नये, या मतावर मी ठाम आहे.

मध्यमा

पक्की नोकरी हाती घेऊन दिलेला राजीनामा अनुबंध यांच्या प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात वगळलेला होता, त्यामुळे या एका स्थितीपुरता दोघांत मतभेद उरत नाही. मतभेद उरतो तो हाती काहीच नसताना निघणाऱ्याबद्दल, आणि तिथे मी प्रस्तावाच्या बाजूने आहे. निघायचेच असेल तर आधी मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे की येत्या काळात स्वेच्छानिवृत्तीची योजना येणार आहे का, आणि माझे नाव त्यात घेता येईल का. नकार आला तरी तो लेखी असतो, आणि पुढे वकिलाकडे जाण्याची वेळ आली तर उपयोगी पडतो.