मदत हवी आहे: वायफायच्या नोंदीत सगळेच 'अ‍ॅनॉनिमस', बिल कोणाच्या नावे काढू?

नमस्कार. वसतिगृहाचं वायफाय मी सांभाळतो. लॉगिन ईएपी-टीटीएलएस (नाव-पासवर्ड एन्क्रिप्टेड टनेलमधून पाठवणारी पद्धत), लॉगिन तपासणारा सर्व्हर फ्रीरेडियस ३.०, नोंदी मारियाडीबी या डेटाबेसमध्ये. महिन्याचं बिल डेटावापरावर निघतं आणि तिथेच घोडं अडलंय.

मुलं बाहेरची, म्हणजे टनेलबाहेर उघडी दिसणारी, ओळख 'अ‍ॅनॉनिमस' ठेवतात. ठेवावीच, ती सोय मला काढायची नाही. खरं नाव फक्त आतल्या टनेलमध्ये येतं. त्यामुळे रॅडअ‍ॅक्ट या वापराच्या नोंदींच्या टेबलात ओळीच्या ओळी एकाच नावाच्या. कालच्या एका ओळीत ६ जीबी आहेत, पण कोणाचे?

मॅक पत्त्यावरून (उपकरणाचा नेटवर्कवरचा क्रमांक) जुळवून पाहिलं. फोन मॅक बदलतात, हिशेब चुकतो. मग आरएफसी ४३७२ या इंटरनेट मानकातली चार्जेबल-युजर-आयडेंटिटी (बिलासाठीची, खरं नाव न सांगणारी ओळख) चालू केली. अ‍ॅक्सेस-अ‍ॅक्सेप्टमधून (लॉगिन मान्य झाल्याचं सर्व्हरचं उत्तर) ती जाताना डीबगमध्ये स्पष्ट दिसते, अकाउंटिंग-स्टार्टमध्ये (वापर सुरू झाल्याचा अ‍ॅक्सेस पॉइंटचा संदेश) मात्र परत येत नाही. आमचे जुने अ‍ॅक्सेस पॉइंट ती गाळतात, आणि नवे घ्यायला यंदा पैसे नाहीत. त्याच उत्तरातलं 'क्लास' हे फील्ड तेवढं जसंच्या तसं परत येतं.

अ‍ॅक्सेप्टमध्ये खरं युजर-नेम पाठवलं तर काम भागेल, पण ते अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या लॉगमध्ये उघडं पडतं. ते नकोच.

म्हणून क्लासमध्ये नावाचा एचमॅक (गुप्त किल्लीने काढलेला, नाव उघड न करणारा कोड) घालतोय, गुप्त किल्ली दर महिन्याला बदलून. पहिल्या लॉगिनला हे नीट चालतं. पण आधीचं टीएलएस सेशन (एन्क्रिप्टेड जोडणी) पुन्हा वापरलं गेलं की आतला टनेल चालतच नाही आणि क्लास रिकामं जातं. सेशन कॅशे (जुनी सेशन लक्षात ठेवणारा साठा) बंद न करता तो एचमॅक कॅशेतून परत कसा आणायचा? कोणी केलंय का?