विंडोज ११ वर नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड (२००५) हा गेम सुरू होत नाही

कोपरीकर: सीडीवरून इन्स्टॉल नीट झालं. आयकॉनवर क्लिक केलं की ‘डी३डीएक्स९_२६.डीएलएल सापडत नाही’. वाशीतला एक दुकानदार म्हणतो, विंडोज फॉरमॅट करा.

सीडीराव: फॉरमॅटने काडीचा फरक पडणार नाही. डायरेक्टएक्स (गेमचं ग्राफिक्स, आवाज सांभाळणारा विंडोजचा भाग) १२ असलं तरी या जुन्या डीएलएल फायली त्यात नसतात. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रिडिस्ट पॅकेज (या फायली बसवणारं) घ्या. ते आधी नुसतं एका फोल्डरमध्ये उलगडतं. बरेच जण तिथेच थांबतात. त्या फोल्डरमधलं डीएक्ससेटअप चालवा. सुटी डीएलएल कुठल्याही साइटवरून उचलू नका. सिस्टम३२ मध्ये टाकून तर काहीच होत नाही, नाव तसं असलं तरी ते ६४ बिटचं फोल्डर आहे; गेम ३२ बिटचा आहे, त्याच्या फायली सिसवॉव६४ फोल्डरमध्ये लागतात.

कोपरीकर: डीएलएलचं मिटलं, धन्यवाद. आता काही न बोलता बंद होतो.

ऐरोली_सेक्टर८: सीडीवर सेफडिस्क (नक्कल रोखणारी यंत्रणा) आहे. तिचा सेकड्रव्ह ड्रायव्हर विंडोज १० पासून चालतच नाही, सुरक्षेच्या कारणाने. कंपॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं चालवायची सोय) लावून उपयोग शून्य. ड्रायव्हर जबरदस्तीने परत घुसवू नका. घरात सीडी ड्राइव्हवाला एक्सपी पीसी पडून असेल तर त्यावर लावा, नेटची वायर काढून.