‘सीक्वेन्स’साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

अनुवादिका : उत्तर मध्ययुगातील, येशूची आई मरिया हिच्या सणांवरील एका लेखाचा अनुवाद करीत आहे. प्रागचे आर्चबिशप यान येनश्टेयन यांच्या आग्रहामुळे, मरियेने आपली नातलग अलीशिबा हिची घेतलेली भेट हा सण १३८९ मध्ये सर्व पाश्चात्त्य चर्चसाठी घोषित झाला आणि त्यासाठी ठिकठिकाणी नव्या ‘सीक्वेन्स’, म्हणजे मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) अल्लेलुयामागून गायच्या रचना, रचल्या गेल्या. कोशातला ‘अनुक्रम’ येथे निर्जीव वाटतो.

ओवीप्रेमी : ‘स्तोत्र’ म्हणावे. मातेच्या स्तुतीसाठी आपल्याकडे तोच शब्द रुळलेला आहे.

वसईकर : तसे केल्यास घोटाळा होईल. मराठी बायबलात ‘स्तोत्र’ म्हणजे दाविदाची स्तोत्रे, आणि तीही मिस्सेत गायली जातातच.

स्वरलेखक : रचना पाहिल्याशिवाय नाव ठरवू नये. अल्लेलुया या स्तुतिघोषाच्या अखेरच्या स्वरावर लांब आलापी असे. अशा लांब चाली लक्षात राहत नसत, म्हणून त्यांवर शब्द बसवले, असे नवव्या शतकातील संत गाल मठाचा भिक्षू नोटकर स्वतः सांगतो. पुढे ही रचना यमकबद्ध झाली. ‘स्ताबात मातेर’ या मरियेच्या दुःखावरील लॅटिन सीक्वेन्समध्ये आठ, आठ, सात अक्षरांच्या ओळी आहेत, प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीचे यमक पुढच्या कडव्यात जुळते, आणि मध्ययुगीन रीतीप्रमाणे अशा दोन कडव्यांना एक चाल, पुढच्या जोडीला दुसरी. अल्लेलुयामागून येणारे म्हणून मी ‘अनुगीत’ सुचवतो.

ओवीप्रेमी : शब्द सुरेख आहे. लॅटिन ‘सेक्वी’ आणि संस्कृत ‘सच्’ ही एकाच मुळातली भावंडे. आपला ‘सचिव’ही त्याच ‘सच्’चा.

वसईकर : व्युत्पत्ती मान्य, परंतु ‘अनुगीत’ वाचताच महाभारतातील अनुगीता आठवते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या क्रिस्तपुराणासाठी ओवी निवडली, तरी कित्येक ख्रिस्ती संज्ञा पोर्तुगीज रूपातच ठेवल्या. छंद आपला आणि संज्ञा त्यांची, हीच रीत मला योग्य वाटते. ‘सीक्वेन्स’च ठेवा.

ओवीप्रेमी : त्यांच्यापुढचे श्रोते पोर्तुगीज शब्द रोज ऐकत होते. ‘सीक्वेन्स’ म्हटल्यावर आजच्या वाचकाला चित्रपटातला प्रसंग आठवेल.

स्वरलेखक : शिवाय १५७० च्या रोमन मिस्सा-ग्रंथाने चारच सीक्वेन्स ठेवल्या आणि त्यांत मरियेची एकही नव्हती, ‘स्ताबात मातेर’ १७२७ मध्ये परतली. जे गाणे रोजच्या उपासनेतून गेले, त्याचा शब्द बोलीत सापडणार तरी कसा?

अनुवादिका : तर मग पहिल्या उल्लेखात ‘अनुगीत’ लिहून ही रचना समजावीन. मात्र लेखात ‘मरिया’ लिहावे की ‘मारिया’?

वसईकर : प्रार्थनेत आम्ही ‘मरिये’ अशीच हाक मारतो.

ओवीप्रेमी : ते संबोधन झाले; प्रथमेचे रूप त्यावरून ठरवता येणार नाही. मराठी बायबलात तर ‘मरीया’ असा दीर्घ ईकार आहे.