‘कॉन्झर्व्ड’ हिस्टोनसाठी मराठी शब्द कोणता?

मूळ प्रश्न (सांगली)
शैवालांतील हिस्टोनांवरचा, म्हणजे पेशीत डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनांवरचा, एक लेख बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत आणताना ‘कॉन्झर्व्ड’ या शब्दापाशी मी अडलो आहे. वाटाणा आणि गाय यांच्या एच-४ हिस्टोनमधील १०२ अमिनो आम्लांपैकी केवळ दोन वेगळी आहेत, इतके हे प्रथिन उत्क्रांतीत ‘कॉन्झर्व्ड’ आहे. मी ‘संरक्षित’ लिहिले होते. सहकारी शिक्षिकेने ते खोडले, कारण संरक्षित म्हटले की चांदोलीच्या जंगलासारखे कोणीतरी राखलेले, असा अर्थ होतो. तिचे म्हणणे मला पटले; पण पर्याय सुचत नाही.

प्रतिसाद (विटा)
सर, ‘वळण टिकवून असलेले’ म्हणावे. मुलगी आईच्या वळणावर गेली, असे आपण म्हणतोच, आणि इथे तर डीएनए खरोखरच वळण घेतो. आमच्या घरी माग होते. आई कांड्यांवर सूत गुंडाळताना त्याचा ताण बोटानेच जोखत असे, कारण सैल वेढ्याची कांडी धोट्यात गेली की सूत तुटे. आठ हिस्टोनच्या गड्ड्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या जेमतेम पावणेदोन वेढे घेतात, हे वाचले तेव्हा मला ती कांडीच आठवली.

प्रतिसाद (कराड)
‘वळण’ गोड आहे, पण सैल आहे; शास्त्रात एका शब्दाला एकच अर्थ हवा, म्हणून मी ‘अविकृत’ सुचवतो.

प्रतिसाद (सांगली, मूळ प्रश्नकर्ता)
‘अविकृत’ने बदल कधी झालाच नाही, असे वाटेल. बदल होतच असतात. पण हिस्टोन बिघडले की बहुधा पेशीच तग धरत नाही, म्हणून ते बदल पुढे जात नाहीत. शिवाय वळण मोडतेही. व्हॉल्व्हॉक्स या हिरव्या शैवालात हिस्टोन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या टोकाला प्राण्यांसारखी घडी असते, तर जमिनीवरच्या वनस्पतींत तिथे अ‍ॅडेनिनचे लांब शेपूट असते. म्हणजे प्राण्यांशी जुळणारी जुनी रीत शैवालाने राखली आणि वनस्पतींनी सोडली. डायनोफ्लॅजेलेट या पाण्यातल्या एकपेशीय जीवांनी तर कांडीच बाजूला ठेवली आहे: हिस्टोनची जनुके त्यांच्यात आहेत, पण डीएनए बांधण्याचे मुख्य काम विषाणूंच्या प्रथिनांशी नाते असलेले दुसरेच प्रथिन करते.

प्रतिसाद (सातारा)
मुळात ‘शैवाल’ कशासाठी? माहुलीच्या घाटाच्या पायरीवर पाय घसरतो तो शेवाळावरून. संस्कृतातल्या शैवालाचे शेवाळ आपल्या जिभेने केले, ते पुन्हा मागे का न्यायचे?

प्रतिसाद (कराड)
कारण घाटावरच्या हिरव्या थराला, पावसाळ्यात भिंतीवर उगवणाऱ्या मॉसला आणि विहिरीतल्या तंतूंनाही आपण शेवाळच म्हणतो. मॉस ही जमिनीवरची वनस्पती आहे. वरचे शेपटाचे उदाहरण वाचताना विद्यार्थ्याने शेवाळ म्हणून मॉस डोळ्यांसमोर आणले, तर सगळा मुद्दाच उलटा होईल.

प्रतिसाद (सातारा)
मग मॉसला ‘हरिता’ म्हणा आणि शेवाळ शेवाळापाशी राहू द्या. पारिभाषिक कोशासाठी घाटावरच्या माणसाचा शब्द काढून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (विटा)
आणि दोन कशाभिकांनी, म्हणजे चाबकासारख्या तंतूंनी, पोहणारे, त्यातले कित्येक दुसऱ्या जीवांना खाऊन जगणारे डायनोफ्लॅजेलेट? त्यांना माहुलीत कोणी शेवाळ म्हणेल का?